मदरबोर्ड बदलल्यावर बूट मेनूतून गायब झालेला लिनक्स आणि ‘बूट-रिपेअर’ : एक परीक्षण

मदरबोर्ड बदलून आलेला लॅपटॉप थेट विंडोजमध्ये उघडू लागला आणि लिनक्स निवडण्याचा पर्यायच दिसेनासा झाला, तर बहुतेक जाणकार ‘बूट-रिपेअर चालवा’ असा एका ओळीचा सल्ला देऊन मोकळे होतात. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बूट-रिपेअर हे संगणक सुरू होण्याची (बूटची) व्यवस्था दुरुस्त करणारे मोफत साधन निदान जितके चांगले करते तितका नेमका उपचार करत नाही, असे माझे मत ते अशाच एका लॅपटॉपवर वापरल्यानंतर झाले आहे. आणि जिथे डिस्क जशीच्या तशी आहे व बदललेला आहे तो केवळ मदरबोर्ड, तिथे तर या साधनाच्या मोठ्या बटणापेक्षा त्याचा अहवालच अधिक कामाला येतो.

हे मत का झाले ते सांगण्याआधी मुळात काय हरवते ते पाहणे आवश्यक आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतील जवळपास सर्व संगणक यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतात. या पद्धतीत कोणती प्रणाली कोणत्या फाइलपासून सुरू करायची याची यादी डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरील एनव्हीरॅम या छोट्या कायमस्वरूपी स्मृतीत असते. यादीतील प्रत्येक नोंदीत एक नाव, डिस्कवरील विशिष्ट पार्टिशनचा (डिस्कच्या एका भागाचा) ओळख-क्रमांक आणि त्या पार्टिशनमधील एका फाइलचा मार्ग एवढेच असते. प्रत्यक्ष फाइल मात्र डिस्कवरील ईएफआय सिस्टिम पार्टिशन या छोट्या, फॅट पद्धतीच्या भागात असते; उबुंटू या लिनक्स-प्रकाराच्या बाबतीत तेथील ‘उबुंटू’ नावाच्या फोल्डरात ‘शिम’ (सर्वांत आधी उघडून ग्रबला सुरू करणारी) आणि ‘ग्रब’ (प्रणाली निवडण्याचा मेनू दाखवणारी) अशा दोन मुख्य फाइली असतात. मदरबोर्ड बदलला की जुनी यादी जुन्या बोर्डाबरोबर जाते आणि नवा बोर्ड कोरी यादी घेऊन येतो. पुस्तक कपाटात जागच्या जागी असावे आणि ग्रंथालयाच्या सूचीतील त्याचे कार्ड तेवढे हरवावे, असा हा प्रकार आहे. काही यंत्रांवर बायॉस, म्हणजे बोर्डातच असलेले सुरुवातीचे सॉफ्टवेअर (फर्मवेअर), अद्ययावत केल्यानंतरही नेमके हेच घडते, कारण त्या वेळी यादी पुसली जाते.

मग विंडोजच तेवढा कसा शिल्लक राहतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्यामागे कोणतेही कारस्थान नाही. नोंद नसली तरी बहुतेक फर्मवेअर विंडोजच्या ठरलेल्या ठिकाणी त्याची फाइल आहे का हे स्वतःहून पाहते आणि सापडल्यास नोंद करून घेते. शिवाय प्रत्येक फर्मवेअरने ‘बूट’ नावाच्या फोल्डरातील ‘बूटएक्स६४’ ही राखीव फाइल शोधावी, असा यूईएफआयचा नियमच आहे. त्या जागी विंडोज आपली प्रत ठेवतो आणि उबुंटू व फेडोरा हे लिनक्स-प्रकारदेखील ठेवतात; जो शेवटी लिहील त्याची प्रत राहते. तिथे शिमची प्रत आणि शेजारी तिची ‘फॉलबॅक’ ही सोबतीण फाइल असेल, आणि फर्मवेअर त्या वाटेने गेले, तर ती हरवलेली नोंद आपोआप पुन्हा लिहिते व वापरकर्त्याला काही झाल्याचे कळतही नाही. डेबियन हा लिनक्स-प्रकार मात्र या राखीव जागेला आपण होऊन हात लावत नाही, त्यामुळे डेबियनच्या वापरकर्त्यांना हा अनुभव अधिक वेळा येतो.

मी ज्या लॅपटॉपवर हे साधन वापरले त्यावर विंडोज आणि लिनक्स मिंट शेजारी-शेजारी होते. दुरुस्ती केंद्राने बोर्ड बदलला, विंडोज उघडतो हे पाहिले आणि कागदावर ‘तपासले, ठीक’ असा शेरा मारून यंत्र परत दिले. त्यांच्या दृष्टीने ते ठीकच होते. लिनक्स चालतो की नाही हे तपासणे कोणत्याही दुरुस्ती केंद्राच्या कामाच्या यादीत नसते, हे गृहीत धरूनच यंत्र द्यावे.

बूट-रिपेअर मिळवण्याचे मार्ग दोन. उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यातून प्रणाली डिस्कवर न बसवता थेट चालते) यंत्र सुरू करून, इंटरनेट जोडून, साधनाचे स्वतंत्र सॉफ्टवेअर-भांडार जोडायचे आणि ते बसवायचे. किंवा लिनक्स मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह वापरायचा, ज्यात ते आधीपासूनच असते आणि मेनूतील ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ विभागात सापडते. दुसरा मार्ग निःसंशय सोयीचा आहे, विशेषतः नव्या बोर्डाचे वायफाय लाइव्ह सेशनमध्ये चालेल की नाही याची खात्री नसताना. साधनाची स्वतःची वेगळी आयएसओ डिस्कही मिळते, पण अगदी नव्या हार्डवेअरसाठी ताज्या मिंटचा किंवा उबुंटूचा पेन ड्राइव्हच मला अधिक भरवशाचा वाटतो.

पेन ड्राइव्हवरून सुरू करतानाची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण बाकीचे सर्व काम तिच्यावर अवलंबून आहे. ज्या बोर्डांत यूईएफआयपूर्वीची जुनी बायॉस पद्धतही चालू असते त्यांच्या बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो. एका नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहिलेले असते, दुसऱ्याआधी नसते. दुसरा निवडल्यास लाइव्ह सेशन व्यवस्थित उघडते, सर्व काही नेहमीसारखे दिसते, पण त्या सेशनमधून एनव्हीरॅमपर्यंत पोहोचताच येत नाही आणि मग कोणतेही साधन नोंद लिहू शकत नाही. बूट-रिपेअर ही स्थिती ओळखून तसा इशारा देते. अनुभवी माणसाचीही येथे गफलत होऊ शकते, त्यामुळे हा इशारा त्याच्या जमेच्या बाजूला मांडायला हवा.

साधन उघडले की प्रथम ते सर्व डिस्क तपासते. ही तपासणी संथ आहे, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ‘अडकले की काय’ अशी शंका येण्याइतकी संथ आहे. नंतर एक साधी खिडकी समोर येते, जिच्यात ठळक बटणे दोनच असतात. वरचे ‘शिफारस केलेली दुरुस्ती’, खालचे ‘बूट-माहितीचा सारांश तयार करा’. खाली बारीक अक्षरात प्रगत पर्यायांची कळ आहे. रचना अशी आहे की घाबरलेल्या माणसाचा हात आपसूक वरच्या बटणाकडे जावा. माझे म्हणणे असे की आधी खालचे बटण दाबावे.

खालच्या बटणाने जो अहवाल तयार होतो, तो या साधनाचा खरा ऐवज आहे. लांबलचक, रटाळ आणि प्रथमदर्शनी धडकी भरवणारा हा मजकूर प्रत्यक्षात फार शिस्तीने मांडलेला असतो. कोणत्या पार्टिशनवर कोणती प्रणाली आहे, ईएफआय सिस्टिम पार्टिशन कोणते, त्यात कोणकोणत्या फाइली आहेत, माउंटच्या यादीत (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे) काय लिहिले आहे आणि एनव्हीरॅममधील सध्याच्या नोंदी कोणत्या, हे सारे एका ठिकाणी येते. माझ्यासमोरच्या अहवालात ‘उबुंटू’ फोल्डरातील शिम व ग्रब या दोन्ही फाइली जागेवर असल्याचे दिसत होते, आणि नोंदींच्या यादीत मात्र विंडोज बूट मॅनेजर व पेन ड्राइव्ह यांशिवाय काही नव्हते. रोगनिदान तिथेच संपले. मिंटच्या वापरकर्त्यांनी गोंधळून जाऊ नये म्हणून सांगतो, की मिंटचेही फोल्डर ‘उबुंटू’ या नावाचेच असते आणि नोंदही त्याच नावाने दिसते; आपण न बसवलेली प्रणाली कुठून आली, अशी शंका घेण्याचे कारण नाही.

अहवालाच्या शेवटी ‘सुचवलेली दुरुस्ती’ असा एक परिच्छेद असतो. वरचे बटण दाबल्यास नेमके काय केले जाईल हे त्यात आधीच लिहिलेले असते, आणि हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. कोणत्या पार्टिशनवरील ग्रब पुन्हा बसवले जाईल, कोणते ईएफआय पार्टिशन वापरले जाईल, बूट मेनू दहा सेकंद दिसत राहील अशी तरतूद केली जाईल, इत्यादी. त्याखाली, दुरुस्तीनंतर फर्मवेअरला ‘उबुंटू’ फोल्डरातील शिम फाइलपासून सुरू व्हायला सांगण्यास विसरू नका, असा सल्लाही असतो. आमच्यासारख्या प्रकरणात अख्खा आजार या एका सल्ल्यात सामावलेला आहे आणि साधन तो तळटीप असल्यासारखा देते, हे थोडे गमतीचे आहे.

आता वरच्या बटणाविषयी. शिफारस केलेली दुरुस्ती मूलतः ग्रब पुन्हा बसवते, त्याचा मेनू नव्याने तयार करते आणि त्या ओघात एनव्हीरॅममधील नोंदही लिहिली जाते. म्हणजे आपले काम होते, पण इतर कामांच्या पोटात. काही परिस्थितींत ते ग्रबची पॅकेजे पूर्णपणे काढून नव्याने उतरवण्याचा मार्ग धरते. त्यासाठी टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून दिलेल्या आज्ञा चिकटवायला सांगते आणि इंटरनेट चालू असणे भाग पडते. पॅकेज काढून झाल्यावर आणि नवे उतरण्याआधी जोडणी तुटली, तर जी प्रणाली फक्त यादीतून गायब होती ती खरोखरच सुरू न होण्याच्या अवस्थेत जाऊ शकते. सूचीतील कार्ड हरवले म्हणून पुस्तक पुन्हा छापून घेण्याची ही पद्धत आहे. जिथे विंडोज नव्याने बसवताना ईएफआय पार्टिशन पुसले गेले आहे, ग्रबच्या फाइली खराब झाल्या आहेत किंवा डिस्क बदलताना पार्टिशनांचे ओळख-क्रमांकच बदलले आहेत, तिथे हे बटण मी निःशंकपणे सुचवेन. बोर्ड बदलला आणि डिस्क तीच राहिली, तिथे नाही.

तिथे ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही एकच आज्ञा पुरते, आणि ती उबुंटू व मिंट यांच्या लाइव्ह सेशनमध्ये आधीपासून असते. प्रथम ती नुसतीच चालवून सध्याच्या नोंदी पाहाव्यात. मग नवी नोंद तयार करण्याच्या पर्यायासह तिला चार गोष्टी सांगायच्या : डिस्क कोणती, ईएफआय पार्टिशनचा क्रमांक कोणता, नोंदीचे नाव काय आणि शिम फाइलचा मार्ग कोणता. डिस्क सांगितली नाही तर ही आज्ञा जुन्या पद्धतीची पहिली साटा डिस्क आणि तिचे पहिले पार्टिशन गृहीत धरते; एनव्हीएमई या नव्या प्रकारची डिस्क असलेल्या आजच्या लॅपटॉपवर हे गृहीतक हमखास चुकीचे ठरते. दुसरी अडचण तिरप्या रेघांची आहे. ईएफआय मार्गात उलट्या तिरप्या रेघा असतात आणि टर्मिनल त्यांना विशेष अर्थ देऊन गिळून टाकते, म्हणून संपूर्ण मार्ग एकेरी अवतरणचिन्हांत लिहावा. एवढे सांभाळले की एंटर दाबताच नवी नोंद यादीत आणि क्रमवारीत सर्वांच्या आधी येऊन बसते. मिंटचा मेनू पुढच्याच वेळी दिसला. डिस्कवरील एकाही फाइलला हात लागला नाही.

बूट-रिपेअरच्या प्रगत पर्यायांत ‘फक्त नोंद पुन्हा लिहा’ असे सरळ बटण असते तर हे परीक्षण इथेच संपले असते. ते नाही, आणि या साधनातील हीच मला सर्वांत मोठी उणीव वाटते. त्याउलट प्रगत पर्यायांत एक असा पर्याय आहे ज्यापासून नवख्याने दूर राहावे : विंडोजच्या ईएफआय फाइलींची प्रत ठेवून त्यांचे नाव बदलणे. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर इतके हेकट असते की यादीत काहीही लिहा, ते विंडोजचीच फाइल उघडते. त्यांच्यासाठी ही युक्ती केलेली आहे, म्हणजे विंडोजच्या नावाने लिनक्सची फाइल ठेवायची आणि फर्मवेअरला फसवायचे. युक्ती चालते, पण विंडोजच्या एखाद्या अपडेटने ती फाइल पुन्हा लिहिली की सारे मुसळ केरात. मूळ फाइली परत आणण्याचा पर्यायही साधनात दिलेला आहे, हे मान्य. तरीही ज्या यंत्रात फर्मवेअर निर्दोष आहे तिथे हा खटाटोप करू नये.

एनव्हीरॅममध्ये लिहिणे हे डिस्कवर लिहिण्याइतके निरुपद्रवी कधीच मानू नये, हेही जाता जाता सांगतो. २०१३ साली सॅमसंगच्या काही लॅपटॉपांवर लिनक्स यूईएफआय पद्धतीने सुरू केल्यावर बोर्डच निकामी झाल्याची प्रकरणे गाजली होती, आणि २०१६ मध्ये चुकून पुसल्या जाणाऱ्या यूईएफआय नोंदींमुळे यंत्रे बंद पडण्याची चर्चा झाल्यावर लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ४.५ आवृत्तीत अशा नोंदींना पुसण्यापासून संरक्षण दिले गेले. आजच्या यंत्रांवर एक नोंद लिहिण्यात घाबरण्यासारखे काही नाही; मात्र उतावीळपणे तेच ते बटण पुन्हा पुन्हा दाबून यादीत एकाच नावाच्या नोंदींचा ढीग करू नये.

ज्यांना टर्मिनल नकोच आहे त्यांनी बूट-रिपेअरच्या आधी आपल्या फर्मवेअरचा मेनू उघडून पाहावा. डेलच्या अनेक यंत्रांत बूट पर्याय जोडण्याची सोय तिथेच असते, फाइल निवडली की झाले. एसरच्या अनेक लॅपटॉपांत ईएफआय फाइलला विश्वासार्ह ठरवण्याचा पर्याय असतो, पण तो उघडण्यासाठी आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, आणि तो पासवर्ड विसरल्यास पुढची कथा आणखी लांबते. ‘रीफाइंड’ हे रॉडरिक स्मिथ यांचे साधन पेन ड्राइव्हवर ठेवून यंत्र सुरू केल्यास ते डिस्कवरील सर्व प्रणाली स्वतः शोधून चित्रांच्या रांगेत दाखवते. तिथून आपल्या स्वतःच्या लिनक्समध्ये शिरता येते आणि आत गेल्यावर ग्रब बसवण्याची नेहमीची आज्ञा दिली की नोंद परत येते. लाइव्ह सेशनमधून दुसऱ्या प्रणालीत शिरण्याची कसरत त्यामुळे वाचते. देखणेपणात रीफाइंड बूट-रिपेअरच्या कितीतरी पुढे आहे, मात्र त्यासाठी सिक्युअर बूट (विश्वासार्ह सही नसलेल्या फाइली सुरू न होऊ देणारी फर्मवेअरची सोय) तात्पुरते बंद करावे लागू शकते. ‘सुपर ग्रब२ डिस्क’ हेही याच जातीचे, दिसायला रूक्ष पण कामाला चोख.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी बूट-रिपेअरच्या निदानाला साडेचार आणि उपचाराला तीन देईन. अहवाल तयार झाल्यावर तो इंटरनेटवर सार्वजनिक जागी चढवून दुवा द्यावा का, असे साधन विचारते; मदत मागण्यासाठी ते सोयीचे असले तरी त्यात आपल्या डिस्कचे मॉडेल, पार्टिशनांची नावे व क्रमांक आणि व्यवस्थापनाचे बरेच तपशील असतात, त्यामुळे स्वतःच वाचायचा असेल तर ‘नाही’ म्हणून तो पेन ड्राइव्हवर जतन करून ठेवणे बरे.

हे साधन ज्यांना हात लावत नाही अशा दोन गोष्टी बोर्ड बदलल्यावर हटकून समोर येतात. पहिली विंडोजच्या बाजूची. बिटलॉकर किंवा विंडोजचे डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) चालू असेल तर त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधलेली असते, त्यामुळे नव्या बोर्डावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. सिक्युअर बूट चालू-बंद केल्यावरही ती मागितली जाऊ शकते. म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली ती की आधी हाताशी घ्यावी आणि मगच बूटच्या दुरुस्तीला बसावे.

दुसरी लिनक्सच्या बाजूची आणि अधिक फसवी. मेनू परत आला, मिंट उघडला, पण पडदा कमी रेझोल्यूशनचा दिसू लागला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढत नाही, किंवा व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) सुरू होत नाही, अशी तक्रार उरते. कारण सिक्युअर बूट चालू असताना बाहेरून बसवलेल्या अशा मॉड्यूलांवर (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागांवर) आपल्या यंत्राची स्वतःची सही लागते, आणि त्या सहीची सार्वजनिक किल्ली ज्या ‘एमओके’ (यंत्राच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या) यादीत असते तीदेखील एनव्हीरॅममध्येच असल्याने जुन्या बोर्डाबरोबर गेलेली असते. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्याची गरज नाही. किल्लीची फाइल डिस्कवर शिम-साइन्डच्या फोल्डरात शाबूत असते. ‘मोकयूटिल’ या आज्ञेने ती आयात करायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. सुरू होताना एक निळा पडदा कोणतीही कळ दाबायला सांगतो आणि अवघे दहा सेकंद थांबतो. त्या वेळेत कळ दाबून ‘एन्‍रोल’ निवडले आणि तोच पासवर्ड दिला, की आधी सही केलेली जुनी मॉड्यूले पूर्वीप्रमाणे चढतात. दहा सेकंद हुकले तर विनंती रद्द होते आणि आयात पुन्हा करावी लागते.